रात्रीची गाडी, कानातली गोष्ट

(पडदा पूर्ण काळा. लोकलचा खडखडाट. डब्यातली उद्घोषणा: ‘पुढील स्टेशन, ऐरोली.’)

पडद्यावर अजून काहीच दिसत नाहीये. थोडा वेळ असंच राहू द्या.

ठाण्याहून सुटलेली ट्रान्सहार्बरची गाडी तुम्ही ओळखली असेल. तुमच्या डोळ्यांसमोर एक डबाही आला असेल. तो मी दाखवलेला नाही. खिडकीची जागा तुम्हीच पकडलीत, बाहेरचा अंधारही तुमचाच. आकाशवाणीच्या काळापासून आपण ज्याला श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायचं नाटक, म्हणतो, ती अशीच उभी राहते. अर्धी गोष्ट सांगणारा आणतो, उरलेली ऐकणाऱ्याच्या घरून येते.

(दृश्य: रात्रीचं कोपरखैरणे स्टेशन. फलाटावर तुरळक माणसं.)

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, कामाला नवी मुंबईत महाप्याला जाते. दुसरी पाळी संपवून परत निघते तेव्हा महिलांच्या डब्यात चार-पाच जणी असतात, सगळ्या पेंगुळलेल्या. चालत्या गाडीत डुलकी काढणं मला कधी जमलं नाही, म्हणून कानात काहीतरी घालायला लागले. गाण्यांवरून पॉडकास्टवर आले आणि तिथून ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’पाशी पोचले. भयकथा ऐकायच्या तर सुरुवात इथूनच करा, असं मी भेटेल त्याला सांगते.

लंडनमध्ये एक संस्था आहे. लोक तिथे येऊन आपल्या आयुष्यात घडलेल्या अतर्क्य गोष्टींचे जबाब नोंदवतात. दप्तर सांभाळणारा नवा अधिकारी ते जुने जबाब एकेक करून टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवतो. टेपवर अशासाठी, की काही जबाब संगणकावर नीट उतरतच नाहीत. एवढीच मांडणी. लेखन जोनाथन सिम्स यांचं, आणि त्या अधिकाऱ्याचा आवाजही त्यांचाच. २०१६ ते २०२१ या काळात मूळ मालिकेचे २०० भाग झाले. सुरुवातीचे भाग सुटे वाटतात. मग चाळीस भागांपूर्वी ऐकलेलं एखादं नाव पुन्हा कानावर पडतं आणि आपण ताठ बसतो.

पहिल्याच भागात एडिंबरातल्या एका अंधाऱ्या बोळात कुणीतरी उभं असतं आणि येणाऱ्याकडे सिगारेट मागतं. बस. रक्त नाही, किंकाळी नाही. मागणाऱ्याच्या उभं राहण्यात काहीतरी चुकलेलं आहे, इतकंच आपल्याला कळतं.

(दृश्य: नौपाड्यातली एक गल्ली. बंद दुकानं, एकच दिवा.)

तो भाग संपला तेव्हा मी स्टेशनवरून घरी चालत निघाले होते. ही गल्ली मी लहानपणापासून बघत आलेय. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचं शटर खाली होतं, पायरीवर नेहमीचं कुत्रं झोपलं होतं. एडिंबरा मी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे तो बोळ ऐकताना मनाने हीच गल्ली वापरली होती, हे मला तिथे येऊन उभी राहिल्यावर कळलं. गिरणीच्या पुढे, दिवा पोचत नाही त्या जागी, तो उभा असायला हवा होता. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले.

चित्रपटात दिग्दर्शक त्याचा बोळ दाखवतो आणि तो बोळ त्याच्याकडेच राहतो. ऐकलेल्या गोष्टीला स्वतःचा बोळ नसतो, म्हणून ती आपला घेते.

(दृश्य: जुन्या रेडिओ संचाच्या तबकडीवर सरकणारा काटा.)

ही ताकद रेडिओवाल्यांनी फार आधी ओळखली होती. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवर ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे नाटक सादर केलं. एच. जी. वेल्स यांच्या मूळ कादंबरीत मंगळावरचे जीव इंग्लंडात उतरतात. रेडिओसाठी त्यांना न्यूजर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात उतरवलं, आणि नृत्यसंगीताचा कार्यक्रम मध्येच थांबवून बातम्या द्याव्यात तशी मांडणी केली. वार्ताहराचं काम करणाऱ्या नटाने तयारीसाठी हिंडेनबर्ग या वायू भरलेल्या हवाई जहाजाच्या १९३७ मधल्या दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. खऱ्या माणसाचा आवाज कसा फुटतो, ते त्याने तिथून घेतलं. मग बोलता बोलता त्याचा आवाज तुटतो आणि काही क्षण रेडिओ गप्प होतो. त्या कार्यक्रमातली सगळ्यात भीतिदायक जागा ती शांतता आहे. सारा देश रस्त्यावर आला वगैरे वर्णनं वर्तमानपत्रांनी फुगवली होती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण शांततेच्या त्या क्षणांना आजही तोड नाही. हे ध्वनिमुद्रण आजही सहज मिळतं. ऐका.

(दृश्य: महाप्याच्या इमारती. सगळ्या अंधारात एका मजल्यावर दिवे.)

आता विज्ञानकथा. रात्री ज्यांना यंत्रांच्या सोबतीने एकट्याने बसावं लागतं, त्यांना मी ‘वुल्फ ३५९’ ही मालिका देते. नाव एका ताऱ्याचं आहे. हा तारा खराच आहे. सिंह राशीत, आपल्यापासून सुमारे ७.९ प्रकाशवर्षं दूर असलेला हा लाल बटू तारा इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात मोजकी माणसं आहेत, आणि संपर्क सांभाळणारा एक बडबड्या आपल्या नोंदी ध्वनिमुद्रित करतोय. पहिले काही भाग निव्वळ हसवणारे आहेत, तेव्हा कंटाळून सोडू नका. ती माणसं आधी आपली व्हावी लागतात. एकदा झाली, की त्या स्थानकाचा दरवाजा कुरकुरला तरी आपला जीव खालीवर होतो. सर्व्हर रूमच्या एसीची घरघर आणि त्या स्थानकाची घरघर मला आता वेगळी करता येत नाही.

(दृश्य: खारघर. रिकाम्या टॉवरच्या रांगा, काचेवर सूर्यास्त.)

‘लाइमटाउन’ ही मालिका २०१५ ची. टेनेसीतल्या एका संशोधन वसाहतीतून तीनशेहून जास्त माणसं नाहीशी होतात आणि काही वर्षांनी एक रेडिओ पत्रकार त्यांचा माग काढू लागते. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि नवी मुंबई आधी कागदावर आखली गेली, मग माणसं राहायला आली. अशा आखलेल्या शहरात राहणाऱ्याला ही गोष्ट जास्त बोचते. पहिला हंगाम जरूर ऐका.

‘ॲलिस इझन्ट डेड’मध्ये एक ट्रक चालवणारी बाई आपल्या हरवलेल्या बायकोला शोधत अमेरिकेच्या महामार्गांवरून फिरते. उरणच्या रस्त्यावर न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना केबिनमधला तो एकटा आवाज लगेच कळेल.

आणि ‘वेलकम टू नाइट व्हेल’. २०१२ पासून चालू आहे. वाळवंटातल्या एका छोट्या गावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. निवेदक अत्यंत शांत, आपुलकीच्या आवाजात सांगतो की गावात कुत्र्यांसाठी नवी बाग झाली आहे, मात्र तिथे कुत्र्यांना जायला बंदी आहे आणि माणसांनाही. लगेच पुढची बातमी. त्याचा आवाज कुठेही चढत नाही. सकाळच्या बातम्या ऐकत वाढलेल्या कानांना ही गंमत नेमकी कळते.

(दृश्य: हेडफोन लावलेली मुलगी, डोळे मिटलेले.)

हे सगळं इंग्रजीत आहे, आणि उच्चार ओळखीचे नाहीत. पहिल्यांदा मलाही अडखळायला झालं. वेग थोडा कमी करा. ‘मॅग्नस’ आणि ‘नाइट व्हेल’च्या भागांच्या संहिता इंटरनेटवर वाचायला मिळतात, अडलं तर तिथे बघा. भाग घरूनच डाउनलोड करून निघा आणि हेडफोन दोन्ही कानांत लावा, कारण पावलं डावीकडून येतात की उजवीकडून, यावर पुष्कळ काही असतं. फक्त रस्त्याला लागलात की एक कान मोकळा ठेवा.

मराठीत असं का नाही, हा प्रश्न मला छळतो. नारायण धारपांच्या भयकथा आपल्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आपल्या, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आपल्या. मतकरींनी तर उतारवयात आमच्या ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. नाटकाला इथे नट कमी नाहीत. एका माणसाने कथा वाचून दाखवणं आज सहज ऐकायला मिळतं, तेही मला आवडतं. पण पात्रागणिक वेगळा आवाज, मागे पाऊस, दारामागचा श्वास, आणि दर पंधरवड्याला नवा भाग, याची मी वाट बघतेय. वाट बघता बघता एक आवाज तरी स्वतः करून पाहावा असं वाटलं.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. एक जाड पिशवी, मोबाइल, उशी.)

‘द व्हाइट व्हॉल्ट’ ही आणखी एक मालिका. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमधल्या एका एकाकी ठाण्यावर दुरुस्तीला गेलेली तुकडी हिमवादळात अडकते. त्यातला बर्फ मला इतका आवडला, की तो करतात कसा ते मी शोधलं. रेडिओ आणि सिनेमातले ध्वनिकलाकार मक्याचा स्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लॉवर, चामड्याच्या पिशवीत भरून दाबतात. त्याचे कण एकमेकांवर घासले की बर्फावर पाऊल पडल्यासारखा करकर आवाज येतो. माझ्याकडे चामड्याची पिशवी नव्हती. जुन्या पर्सचं अस्तर फाडून अर्धा किलो पीठ भरलं, पंखा बंद केला, ओट्यावर उशी ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवला. दोन्ही मुठींनी आळीपाळीने दाबत गेले. बारा पावलं झाली. तेराव्याला शिवण उसवली.

(पडदा पुन्हा काळा. करकर, करकर. संथ पावलं.)

आई बाहेर भाजी निवडत होती. तिला म्हटलं, डोळे मीट आणि ऐक. तिचं माहेर अलिबागजवळचं, समुद्राला लागून. बर्फ तिने टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. बारा पावलं ती गप्प राहून ऐकत होती. मग डोळे न उघडताच तिने विचारलं,

‘इतक्या रात्री पुळणीतून कोण गं चालतंय?’

(पावलं थांबतात.)