उभ्या राजदूतचं दुखणं

मंडळी, नमस्कार. बाहेर सकाळपासून झड लागली आहे, तरी एवढे लोक वाचनालयात आले, लय बरं वाटलं. मी काही इंजिनिअर नाही, दारव्हा तालुक्यातला कास्तकार माणूस, पण बाबांनी १९८४ मध्ये घेतलेली राजदूत मोटारसायकल आजही माझ्याकडे चालू आहे आणि तिचं सगळं काम आता मी घरीच, गोठ्याला लागून जी सपरी आहे तिथं बसून करतो. त्याच्यावरच बोलतो.

राजदूत इथल्या मोठ्या माणसांना सांगायला नको, पण पोरांसाठी सांगतो. पोलंडमध्ये एसएचएल एम ११ नावाची गाडी होती, तिच्यावरून एस्कॉर्ट्सनं आपल्याकडे बनवलेली ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणारी. दुधाचे कॅन, सरकीचं पोतं, मागं माणूस, आणि पांदण रस्त्याचा चिखल, सगळं तिनं ओढलं. अशी गाडी चालवून मरत नाही बावा, ती मरते उभी राहून.

बाबा गेल्यावर ती तीन वर्षं उभीच होती, माझं मन होईना तिला हात लावायचं. मग एका दिवाळीत काढली, टाकी धुतली, प्लग बदलला, आणि वीसेक किकमध्ये सुरू झाली, आई आतून धावत आली आवाज ऐकून. पण एक गोष्ट तेव्हाच खटकायला पाहिजे होती. अॅक्सिलेटर सोडला तरी रेस खाली येईना, इंजिन आपल्या मनानं ओरडत राहायचं. तालुक्याला एका मेकॅनिकला दाखवली, त्यानं कार्बोरेटर सेट करून दिला, आणि पंधरा दिवसांत दिग्रसच्या रस्त्यावर पिस्टन सिलिंडरमध्ये पकडला, मागचं चाक एकदम जाम. बोअर केलं, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा केला, नवा पिस्टन टाकला, दोन महिन्यांत पुन्हा तेच. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण सिलिंडर दोन साइज पुढं गेला, ते लोखंड काही परत येत नाही.

दुखणं कुठं होतं ते सांगतो, आजच्या बोलण्यातली हीच खरी गोष्ट आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकखाली नुसतं ऑइल असते. टू-स्ट्रोकचं तसं नाही, तिथं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या खोलीत येते, पिस्टन खाली उतरताना ते दाबल्या जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणजे ती खालची खोली हवाबंद पाहिजे. तिच्या दोन्ही बाजूंनी शाफ्ट बाहेर निघतो आणि तिथं दोन रबरी ऑइल सील असतात. गाडी उभी राहिली की सील कोरडं पडते, कडक होते. मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या, बाजूचं गेलं तर तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, रेस चढून राहते, पेट्रोलसोबतचं ऑइलही कमी पडते आणि पिस्टन तापून पकडते. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढल्या जाते, मागं पांढऱ्या धुराचा लोट, आणि आपण म्हणतो टू-टी, म्हणजे पेट्रोलात टाकायचं ऑइल, जास्त पडलं. कार्बोरेटर बिचारा दोन्हीकडून शिव्या खातो.

हे मी शिकलो बर्फातल्या लोकांकडून. स्नोमोबाइल म्हणून गाडी असते, पुढं दोन पट्ट्या, मागं रबरी पट्टा, आणि जुन्या गाड्यांत बहुतेक टू-स्ट्रोकच इंजिन. मोबाइलवर तिकडची म्हातारी माणसं घरच्या शेडमध्ये पन्नास वर्षांच्या गाड्या खोलताना दिसतात. त्यांची उन्हाळाभर उभी, आपली पावसाळाभर उभी, दुखणं एकच.

त्या गाडीमागं एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये वालकूर नावाचं गाव आहे, तिथले जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचं दोन वर्षांचं लेकरू पोटाच्या दुखण्यानं गेलं, कारण बर्फानं रस्ते बंद आणि दवाखान्यात न्यायला काही साधन नाही. त्यानंतर तीनेक वर्षांत त्यांनी बर्फावर सात जणांना नेणारी गाडी काढली आणि १९५९ मध्ये ती छोटी, एकदोघांची स्की-डू. नाल्याला पूर आल्यावर बाज उचलून पेशंट नेलेले लोक इथं बसले आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गरजेच्या रात्री गाडी एका किकमध्ये लागली पाहिजे, माझा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

आता सील तपासायचं कसं. जुना प्लग घ्या, आतली चिनीमाती फोडून काढा, त्या भोकात सायकलच्या ट्यूबचा वाल पक्का बसवा आणि हा प्लग इंजिनला लावा. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून ती दोन्ही तोंडं ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि पट्टी लावून बंद करा. पिस्टन पार खाली न्या, म्हणजे वाटा उघड्या राहून हवा खालच्या खोलीत जाईन. मग सायकलच्या पंपानं हवा भरा, पण हळू, पंपाच्या काट्यावर पाच-सहा पीएसआय दाबाच्या वर नाही, जास्त झाली तर चांगलं सीलही बाहेर फेकल्या जाते. मॅग्नेट पुलरनं, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानं, काढून, त्याच्यामागची प्लेट काढून सीलवर साबणाचं पाणी सोडा. माझ्या गाडीला तिथं बारीक बारीक फुगे उठत होते, मिठाच्या खड्याएवढे, आणि त्या फुग्यांकडं पाहून मला दोन पिस्टन आठवले. क्लचची बाजू पाहायला गिअरबॉक्सच्या ऑइलच्या भोकावर साबणाचा पडदा धरा, तो फुगला तर तिकडचं सील गेलं.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी धरते, जास्त झालं की पाणी घेऊन टाकीच्या तळाशी बसते आणि जुनं रबर खराब करते. गाडी महिनाभर उभी राहणार असन तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत काही उरत नाही. ऑइल मी लिटरला ४० मिली टाकतो, अंदाजानं नाही, मापानं. आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करते.

मागून काकाजींनी विचारलं सील भेटते कुठं. बेअरिंगच्या दुकानात. जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी, तेवढे लिहून न्या आणि व्हिटॉन नावाच्या रबराचं मागा, ते उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सहन करते. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, क्रँककडे. शाफ्टवर मॅग्नेट अडकवायच्या चावीची खाच असते, तिची धार नव्या सीलचा ओठ कापते, म्हणून आधी खाचेवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, ओठाला बोटानं ग्रीस लावा, सील सरळ ढकला, आणि मग टेप आठवणीनं ओढून काढा.