गेमरसाठी व्हीआर हेडसेट निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या गेमरला व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे व्हीआरचा, डोळ्यांवर बांधला की आपण खेळाच्या जगातच आहोत असे भासवणारा हेडसेट भेट द्यावा असे ज्यांच्या मनात येते, ती माणसे बहुधा स्वतः गेम खेळणारी नसतात. ते आई-वडील असतात, मोठी बहीण असते, पती किंवा पत्नी असते. भेट मनापासून द्यायची असते, त्यामुळे पहिला प्रश्न साहजिकच असा पडतो की बाजारात सर्वांत चांगला हेडसेट कोणता. माझ्या मते निवडीची सुरुवात या प्रश्नापासून करू नये. हेडसेट ही एकटीने उपयोगी पडणारी वस्तू क्वचितच असते; तिला चालवणारे यंत्र, ती ज्या डोळ्यांवर बसणार ते डोळे आणि खेळणाऱ्याची आवड, या सगळ्यांशी ती जुळावी लागते. म्हणून आज मी हेडसेटइतकेच तो वापरणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

सर्वप्रथम तो गेमर कशावर खेळतो हे पाहावे. टीव्हीखाली प्लेस्टेशन ५ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, असेल, तर सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर२ हा हेडसेट त्याच्यासाठी बनलेला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला हा हेडसेट एकाच केबलने कन्सोलला जोडला जातो आणि प्लेस्टेशन ५ शिवाय, किंवा संगणकाशी जोडण्याच्या वेगळ्या ॲडॉप्टरशिवाय, त्याचा काहीही उपयोग होत नाही. २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरसाठी बनवलेले खेळ त्यावर थेट चालत नाहीत, ही गोष्ट जुन्या डिस्क जपून ठेवणाऱ्या गेमरच्या बाबतीत आधीच लक्षात घ्यावी. टीव्हीखाली एक्सबॉक्स असेल, तर त्या कन्सोलला जोडता येईल असा व्हीआर हेडसेटच नाही. काही हेडसेटमध्ये एक्सबॉक्सचे खेळ मोठ्या सपाट पडद्यावर दिसतात हे खरे, पण ते खेळाच्या आत शिरणे नव्हे. केवळ प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स हे नाव ऐकून घेतलेल्या भेटीची निराशा येथे उगम पावते; म्हणून यंत्राचे नाव आणि त्याची पिढी, दोन्ही नीट वाचून घ्यावीत.

संगणकावर खेळणाऱ्या गेमरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या हेडसेटसाठी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी चित्रे सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार करावी लागतात, आणि हे काम संगणकातील चित्रे तयार करणाऱ्या भागाचे, म्हणजे ग्राफिक्स कार्डचे असते. कार्ड कमी पडले की चित्र अडखळते. सपाट पडद्यावर अडखळणारे चित्र फक्त त्रासदायक वाटते. डोळ्यांसमोर बांधलेल्या पडद्यावर ते अडखळले, तर माणसाला मळमळू लागते. त्यामुळे कार्यालयीन कामासाठी घेतलेल्या लॅपटॉपच्या भरवशावर संगणकाचा हेडसेट कधीही घेऊ नये. प्लेस्टेशन व्हीआर२ संगणकाला जोडण्याचे ॲडॉप्टर ऑगस्ट २०२४ मध्ये आले, पण त्यासाठी संगणकाला डिस्प्लेपोर्ट हा चित्र बाहेर पाठवण्याचा पोर्ट लागतो, आणि नजरेचा माग घेणे किंवा हेडसेटमधील कंपन यांसारखी त्याची काही खास वैशिष्ट्ये संगणकावर मिळत नाहीत.

तिसरा प्रकार स्वतःच्या बळावर चालणाऱ्या हेडसेटचा. मेटा कंपनीचे क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट ३एस हे त्यातील ठळक नमुने. प्रोसेसर, बॅटरी, साठवण आणि कॅमेरे हे सारे हेडसेटमध्येच असते. वाय-फाय, एक खाते आणि ते सुरू करण्यासाठी स्मार्टफोन एवढ्यावर काम भागते. पुढे चांगला संगणक आला, तर तोच हेडसेट केबलने किंवा वाय-फायने त्याला जोडून संगणकावरचे मोठे खेळही खेळता येतात. मात्र वायरलेस खेळण्यासाठी संगणक राउटरला तारेने जोडलेला आणि राउटर त्याच खोलीत असलेला बरा. गेमरच्या यंत्राविषयी खात्रीशीर माहिती मिळत नसेल, तर याच प्रकारातला हेडसेट घ्यावा, असे मी निःसंकोचपणे सांगेन. एका बॅटरीवर साधारण दोन तासांच्या आसपास खेळता येते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत कोणीही सलग त्याहून अधिक खेळू नये असेच मला वाटते.

आता त्या गेमरला काय आवडते हे पाहू, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा विचार हाच आहे. 'गेमर' हे एकच बिरूद लावून आपण फार वेगवेगळ्या माणसांना एका रांगेत बसवतो. रोज संध्याकाळी मित्रांच्या चमूबरोबर ऑनलाइन स्पर्धात्मक नेमबाजीचा खेळ खेळणाऱ्या तरुणाला हेडसेट दिला, तर तो आठवडाभर कौतुकाने घालेल आणि नंतर कपाटात ठेवील. त्याची आवड खोटी असते असे मुळीच नाही. त्याचा खेळ व्हीआरमध्ये बहुधा नसतो, त्याचे मित्र तिथे नसतात आणि कीबोर्ड व माऊसवर वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य तिथे उपयोगी पडत नाही. अशा गेमरला चांगला मॉनिटर किंवा हेडफोन अधिक आनंद देईल, आणि हे मी व्हीआरवर प्रेम असूनही सांगतो आहे.

याउलट मोटारशर्यतींचे किंवा विमानोड्डाणाचे खेळ खेळणारा गेमर असेल, तर हेडसेटने त्याचे खेळणेच पालटून जाते. 'ग्रॅन तुरिस्मो ७' मध्ये प्लेस्टेशन व्हीआर२ घालून वळणावर मान वळवली की पुढचा रस्ता दिसतो, शेजारून येणारी गाडी डोळ्यांच्या कोपऱ्यात जाणवते आणि अंतराचा अंदाज आपोआप येऊ लागतो. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' या संगणकावरील खेळाला डिसेंबर २०२० मध्ये व्हीआरची जोड मिळाली. त्यात वैमानिकाच्या खुर्चीतून खाली वाकून यंत्रांचे काटे वाचता येतात. या मंडळींकडे स्टिअरिंग किंवा उड्डाणाची दांडी आधीपासून असते, ते बसून खेळतात, त्यामुळे जागेचा प्रश्नही उरत नाही. दूरचे ठिपके आणि बारीक आकडे वाचण्यासाठी त्यांना चित्राची स्पष्टता हवी असते. त्यांच्यासाठी निवड करताना रिझोल्यूशनवर, म्हणजे पडद्यावरील पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवर, आणि भिंगांवर हात आखडता घेऊ नये.

शरीर हलवून खेळणे ज्यांना आवडते, त्यांची गोष्ट आणखी निराळी. 'बीट सेबर' सारख्या खेळात संगीताच्या तालावर येणारे ठोकळे दोन्ही हातांनी कापायचे असतात. तिथे पायात घोटाळणारी केबल नसणे हे कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचे ठरते. आणि ज्यांना कथा, शोध, कोडी यांत रमायला आवडते, त्यांच्यासाठी मार्च २०२० मध्ये आलेला 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' हा एक खेळसुद्धा हेडसेटचे सार्थक करू शकतो, पण तो संगणकावरचा खेळ आहे हे विसरू नये. गेमरच्या खेळांची यादी पाहणे अवघड नसते. त्याचा एखादा मित्र ती सहज सांगेल. तेही जमत नसेल, तर सरळ त्यालाच विचारावे. अचानक दिलेल्या भेटीचा आनंद क्षणाचा असतो, योग्य हेडसेट मात्र अनेक महिने सोबत करतो.

खोक्यावरचे आकडे पुष्कळ असतात, पण त्यांतले थोडेच निर्णायक असतात. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ बाय २२०८, तर ३एस मध्ये १८३२ बाय १९२० पिक्सेल आहेत. हा फरक कागदावर दिसतो त्याहून डोळ्यांना जास्त जाणवतो, आणि त्याचे खरे कारण भिंगांत आहे. ३एस मधील फ्रेनेल प्रकारच्या भिंगांवर वर्तुळाकार बारीक खाचा असतात. चित्र मध्यभागी स्वच्छ असले तरी कडेला ते पुसट होते आणि काळ्या पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे आली की प्रकाशाचे फराटे दिसतात. क्वेस्ट ३ मधील पॅनकेक भिंगांत कडेपर्यंत स्पष्ट दिसते. प्लेस्टेशन व्हीआर२ चीही भिंगे फ्रेनेलचीच आहेत, मात्र त्याच्या ओएलईडी पडद्यावर अंधार खरोखर काळा दिसतो, आणि भीतीच्या किंवा अवकाशातील खेळांत ही जमेची मोठी बाजू आहे.

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर हा आणखी एक मुद्दा विक्रेते फारसा बोलून दाखवत नाहीत. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण माणसामाणसांत बराच फरक पडतो. क्वेस्ट ३ मध्ये छोट्या चाकाने भिंगे हवी तितकी जवळ किंवा दूर सरकवता येतात. ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. भिंगे डोळ्यांसमोर नीट आली नाहीत, तर चित्र धूसर दिसते, डोळे ताणतात, डोके दुखते, आणि घालणाऱ्याला वाटते की आपल्याला व्हीआर मानवतच नाही. चष्म्याचा नंबर तपासताना हे अंतर मोजून मिळते. गेमर चष्मा लावत असेल, तर त्याची चौकट हेडसेटमध्ये मावते का हे पाहावे, आणि शक्य असल्यास त्याच्या नंबरची खास आतली भिंगे बनवून घ्यावीत. चष्म्याच्या काचा हेडसेटच्या भिंगांवर घासल्या, तर पडलेले ओरखडे पुन्हा जात नाहीत. अशी नंबरची भिंगे हेडसेटसोबत दिली, तर ती भेट किती विचारपूर्वक निवडली आहे हे घेणाऱ्याला न सांगता कळते.

मळमळीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. खेळात आपण धावत असतो, डोळे मेंदूला तसे कळवतात, पण आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर जागेवरच उभे आहे. या विसंगतीतून घाम, मळमळ, घेरी असा त्रास होतो. पुष्कळांना सरावाने तो कमी होतो, काहींना होत नाही. ज्याला गाडीत बसून वाचताना त्रास होतो, त्याच्यासाठी हेडसेट घेण्यापूर्वी कोणाकडे तरी एकदा घालून पाहण्याची संधी अवश्य शोधावी. सुरुवातीचे खेळ असे निवडावेत की ज्यांत खेळाडू आपल्या पायांनीच हलतो किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन पोहोचतो. पहिली चाहूल लागताच हेडसेट काढावा. जिद्दीने खेळत राहिल्यास त्रास वाढतो, आणि पुढे तो खेळ नुसता आठवला तरी मन नको म्हणते.

वयाची मर्यादा काटेकोरपणे पाळावी. सोनी १२ वर्षांखालील मुलांना व्हीआर२ वापरू देऊ नये असे सांगते. मेटाचे १० ते १२ वर्षांच्या मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखालीच चालते. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे किंवा ज्यांच्या शरीरात पेसमेकरसारखे उपकरण आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हेडसेट घालू नये. उभे राहून फिरत खेळायचे असेल, तर सुमारे २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते, आणि वर फिरणारा पंखाही त्या जागेच्या हिशेबात धरावा, कारण हात वर जातातच.

काही वस्तूंपासून मात्र सावध करणे मला आवश्यक वाटते. मोबाइल फोन आत सरकवण्याचे भिंगांचे खोके अजूनही व्हीआर हेडसेट या नावाने विकले जातात. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा तसा दर्शक आणला, तेव्हा ती कल्पना नवलाची होती. आता मात्र गेमरला ती भेट देऊ नये. असे खोके केवळ डोके कोणत्या दिशेला वळले एवढेच ओळखतात. आपण पुढे वाकलो किंवा एक पाऊल टाकले, तर चित्रातले जग आपल्याबरोबर हलत नाही, आणि हातांना तर त्यात स्थानच नसते. चष्म्यासारखी दिसणारी आणि डोळ्यांसमोर मोठा सपाट पडदा उभा करणारी उपकरणे चित्रपटासाठी उत्तम असतील, पण तीही व्हीआर हेडसेटची जागा घेत नाहीत. जुना हेडसेट स्वस्तात मिळतो म्हणून घेताना विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या विंडोजमधील जुन्या व्हीआर प्रणालीवर चालणारे नमुने टाळावेत. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून ती प्रणालीच काढून टाकली, त्यामुळे चांगल्या पडद्यांचे ते हेडसेट आधार गमावून बसले. वापरलेल्या कोणत्याही हेडसेटची भिंगे उजेडात धरून पाहावीत. खिडकीतून आलेले ऊन त्यांवर पडले, तर भिंगे ते एकवटतात आणि आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो. हीच खबरदारी नव्या हेडसेटचीही घ्यायची आहे.

उरलेल्या पैशांतून एखादा खेळ घेण्यापेक्षा डोक्याचा चांगला पट्टा घ्यावा. अर्धा किलोच्या आसपासचे वजन केवळ कापडी पट्ट्याने पेलले की ते सारे गालांवर आणि कपाळावर येते. मागून आधार देणारा पट्टा ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देतो. खेळ निवडण्याचा आनंद गेमरलाच घेऊ द्यावा. त्यासाठी भेटकार्ड द्यायचे झाल्यास ते त्याचे खाते ज्या देशात नोंदवलेले आहे तिथेच चालणारे असावे.

शेवटी खरेदीच्या तारखेचे पाहावे. वस्तू परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत बहुधा खरेदीच्या अथवा घरी पोहोचल्याच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे महिनाभर आधी आणून लपवून ठेवलेला हेडसेट प्रत्यक्ष डोळ्यांवर चढेपर्यंत ती मुदत संपलेली असू शकते. खरेदी शक्य तितकी उशिरा करावी, पावती खोक्यातच ठेवावी, आणि भेट मिळाल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच चित्र स्पष्ट दिसते ना, चष्मा मावतो ना, मळमळत नाही ना, हे गेमरला मोकळेपणाने विचारावे.