रस्त्याच्या हद्दीतलं काम कुणाच्या हाती द्यायचं?

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण गृहसंस्थांच्या समित्यांवर काम करतात, काहींचे छोटे कारखाने आहेत, काही जण शाळा किंवा दवाखाना चालवतात. आज ना उद्या तुम्हाला नवी नळजोडणी घ्यावी लागेल, मलवाहिनी बदलावी लागेल किंवा विजेची नाहीतर इंटरनेटची केबल जमिनीखालून आणावी लागेल. मुख्य वाहिनी रस्त्यात असते, त्यामुळे हे काम कुंपणाच्या आत संपत नाही. शेवटचे काही मीटर सार्वजनिक जागेतून जातात आणि आज मी बोलणार आहे ते तेवढ्याच काही मीटरबद्दल.

रस्त्याची हद्द डांबर संपतं तिथे संपत नाही. पदपथ, कडेचं गटार, झाडांची पट्टी, पुष्कळदा तुमच्या फाटकासमोरची मोकळी जागासुद्धा त्याच हद्दीत येते. आणि त्या जागेखाली गर्दी असते. पिण्याच्या पाण्याची वाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार, उच्चदाबाची वीज, गॅस, दूरसंचार, सिग्नलच्या तारा. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या संस्थांनी टाकलेल्या. नकाशे असतात, पण नकाशा काढल्यानंतर रस्त्याची पातळी वाढलेली असते, पदपथ सरकलेला असतो. शिवाय प्लास्टिकची वाहिनी साध्या विद्युतचुंबकीय शोधयंत्राला सापडतच नाही. टाकताना तिच्यासोबत शोधतार ठेवली असेल तरच तिचा माग लागतो. म्हणून जाणकार कंत्राटदार नकाशा बघतो, संबंधित संस्थांकडून जागेवर खुणा करून घेतो आणि तरीही आधी हाताने चाचणी खड्डा घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहतो. मग यंत्र आणतो.

बहुतेक लोक कंत्राटदार कसा निवडतात? तीन दरपत्रकं मागवतात आणि सर्वांत कमी आकडा उचलतात. रंगकाम असेल तर हे चालूनही जाईल, कारण वाईट रंगकाम दिसतं. रस्त्याखालचं काम संध्याकाळी मातीने झाकलं जातं आणि त्यानंतर ते कुणालाच दिसत नाही. त्यात चूक राहिली असेल तर ती कधी वर येईल हे सांगता येत नाही.

दोन घटना सांगतो. अमेरिकेतल्या बेलिंगहॅम या गावात १९९४ साली एका जलशुद्धीकरण केंद्राच्या बांधकामासाठी खोदाई झाली. जवळून पेट्रोलची वाहिनी जात होती. खोदाईत तिला इजा झाली, पण ती फुटली नाही. वर माती पडली, काम पुढे गेलं. १० जून १९९९ रोजी वाहिनीतला दाब वाढला आणि ती त्याच जागी फाटली. सुमारे ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात वाहून गेलं, पेटलं आणि तीन मुलगे गेले. दाब का वाढला, वाहिनीच्या मालकांनी तपासणीत ती इजा गांभीर्याने का घेतली नाही, अशी इतरही कारणं चौकशीत पुढे आली. पण पहिली जखम पाच वर्षांपूर्वीच्या खोदाईची होती. दुसरी घटना बेल्जियममधल्या गिलेंगिएनची. ३० जुलै २००४ रोजी तिथे उच्चदाबाची गॅसवाहिनी फुटली आणि २४ माणसं मेली. तिथेही आधीच्या बांधकामात यंत्राने वाहिनीची भिंत खरवडली गेली होती आणि नंतर दाब वाढवल्यावर तिने दगा दिला.

या दोन ठिकाणचे कंत्राटदार बिनपरवाना होते, असं माझं म्हणणं नाही. परवाना असला की अपघात होतच नाहीत, असंही मी म्हणणार नाही. मला यातून दिसतं ते असं: रस्त्याखालच्या कामात चूक आणि परिणाम यांच्यामध्ये काही आठवडे जातात, कधी वर्षं जातात. मधल्या काळात ते काम कुणी केलं होतं हे शोधता आलं पाहिजे. खरवडा पडला तेव्हा तो दडपण्यापेक्षा कळवणं त्या माणसाला फायद्याचं वाटलं पाहिजे. परवाना, विमा, नोंदणी, अनामत या सगळ्या कागदांचं खरं काम हेच आहे. ज्याचा परवाना पणाला लागलेला असतो तो फोन करतो. ज्याचं नावच कुठे नोंदलेलं नसतं तो माती ढकलतो.

आणखी एक प्रकार सांगायला हवा, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो. हल्ली रस्ता न फोडता आडवं भोक पाडून वाहिनी ओढतात. पद्धत चांगली आहे. रस्ता वाचतो, वाहतूक चालू राहते. पण कधीकधी ते भोक नेमकं एखाद्या घराच्या मलवाहिनीतून आरपार जातं आणि गॅसची नळी मलवाहिनीच्या पोटातून ओढली जाते. वर कुणालाच कळत नाही. गॅस चालू असतो, सांडपाणीही वाहत असतं. काही वर्षांनी मलवाहिनी तुंबते, सफाई करणारा फिरतं पातं आत घालतो आणि गॅसची नळी कापली जाते. गॅस थेट घरात येतो. हे टाळायचा उपाय साधा आहे: भोक पाडण्याआधी आणि पाडल्यानंतर मलवाहिनीत कॅमेरा फिरवायचा. हा खर्च दरपत्रकात आहे की नाही, एवढं बघितलं तरी समोरच्याला आपलं काम किती समजतं ते कळतं.

आता परवान्याकडे येऊ. कंत्राटदार खिशातून एक प्रत काढतो, आपण मान डोलावतो, आणि तिथेच फसतो. परवाना वाचायचा असतो. नाव दरपत्रकावरच्या नावाशी जुळतं का? पुतण्याच्या फर्मचं दरपत्रक आणि काकांचा परवाना, असं असेल तर उद्या दोघंही हात वर करतील. मुदत संपली आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, परवाना कोणत्या कामाचा आहे? इमारतीतल्या वायरिंगचा परवाना म्हणजे रस्त्यात उच्चदाबाची केबल टाकण्याचा परवाना नाही. इमारतीच्या आत नळकाम करणाऱ्याला मुख्य जलवाहिनीवर जोडणी करता येईलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी ते काम पाणीपुरवठा करणारी संस्था स्वतः करते किंवा तिच्या यादीतल्या कंत्राटदारांकडूनच करून घेते. क्रमांक घ्या आणि ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथे पडताळून पाहा. झेरॉक्सवर तारीख बदलणं अवघड नसतं.

कंत्राटदाराचा परवाना आणि रस्ता खोदायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्याच्या पात्रतेची, दुसरी त्या जागेची आणि त्या दिवसांची. कंत्राटदार म्हणाला, ‘परवानगी तुमच्या नावावर काढा, लवकर मिळते,’ तर जरा थांबा आणि कारण विचारा. काही ठिकाणी अर्ज मालकानेच करायचा असा नियम असतो, तेव्हा प्रश्न नाही. पण तो नियम नसताना कुणी असं सुचवत असेल तर बहुधा त्याच्या स्वतःच्या नावावर परवानगी मिळत नसते. आणि नाव तुमचं आलं की खड्ड्यात कुणी पडलं किंवा केबल तुटली तर पहिली नोटीस तुमच्याच दारात येते.

पोटकंत्राटाबद्दलही करारात स्पष्ट लिहा. ज्याच्याशी बोललो तो परवानाधारक, आणि प्रत्यक्ष खोदायला आलेली टोळी तिसऱ्याचीच, हे फार चालतं. ब्रिटनमध्ये १९९१च्या कायद्याने असा दंडक घातला की रस्त्यातल्या कामावर पात्रताप्राप्त पर्यवेक्षक हवा आणि काम चालू असताना किमान एक प्रशिक्षित कामगार जागेवर हवाच. मला हा नियम फार आवडतो, कारण तो कार्यालयातल्या फाइलकडे न बघता खड्ड्याच्या काठावर कोण उभं आहे ते विचारतो. तुमच्याकडे असा नियम नसला तरी करारात ही अट घालायला कुणाची आडकाठी नाही.

खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांबद्दल बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांच्या घरात भरते. चराची भिंत ढासळली तर कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूसही स्वतःहून निघू शकत नाही. छातीवर दाब आला की श्वास घेता येत नाही, आणि घाईत यंत्राने उकरायला गेलं तर यंत्रच त्याला मारतं. अमेरिकेतला नियम असा: दीड मीटरहून खोल चराला आधार द्या किंवा भिंती उतरत्या करा, पूर्ण टणक खडक असेल तर सूट; काढलेली माती काठापासून किमान ६० सेंटिमीटर लांब टाका; आणि जिथे काम चालू आहे तिथून साडेसात मीटरच्या आत शिडी ठेवा. यातलं काहीही बघायला अभियंता असावं लागत नाही. खिडकीतून दिसतं. स्वस्त दरपत्रकात हीच फळ्यांची आणि टेकूंची रक्कम कापलेली असते. ती रक्कम तुम्ही वाचवलेली नसते, खाली उतरलेल्या माणसाने ती भरलेली असते.

चर बुजवण्याबद्दल थोडक्यात. भरण थराथराने, साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा एकेक थर दाबत वर यायला हवं. एकदम ढकललेली माती पहिल्या मोठ्या पावसात बसते. इंग्लंडमध्ये रस्ता पूर्ववत केल्यावर दोन वर्षं, आणि खोल खोदाई असेल तर तीन वर्षं, त्याची हमी खोदणाऱ्यावर असते. तुमच्या करारात अशीच मुदत लिहा आणि शेवटचा हप्ता तोवर नसला तरी निदान एक पावसाळा राखून ठेवा. बुजवण्याआधी वाहिनीचे फोटो काढा; खोली आणि ठळक खुणांपासूनचं अंतर फोटोत दिसेल अशी टेप लावून. तुमच्यानंतर तिथे खोदणाऱ्याला याचा उपयोग होईल.

मागून एक चांगला प्रश्न आला आहे: रात्री वाहिनी फुटली तर परवाने तपासत बसायचं का? नाही. त्या वेळी झडप बंद करायची, वाहिनी ज्या संस्थेची तिला कळवायचं, जागेला अडथळे आणि दिवा लावायचा. तातडीच्या दुरुस्तीसाठी आधी खोदून नंतर परवानगी नियमित करून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. पण घाईतसुद्धा खाली काय आहे हे विचारल्याशिवाय यंत्र लावायचं नाही. अमेरिकेत त्यासाठी ८११ हा क्रमांक आहे, भारतात २०२३पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप आहे. बऱ्याच देशांत असं काही ना काही आहे. आणि गॅसचा वास आला तर खोदायचंच नाही. दिव्याचं बटणही दाबायचं नाही, लोकांना लांब न्यायचं आणि फोन लांबून करायचा. एक लक्षात असू द्या, मातीतून झिरपताना गॅसला घातलेला वास कमी होऊ शकतो, त्यामुळे खोदताना गॅसवाहिनीला धक्का लागला असेल तर वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

अशा रात्रीची तयारी दिवसा करता येते. चार दिवसांत समितीची बैठक असेल तर एवढं करा: परवाना पडताळलेला एक कंत्राटदार आधीच ठरवून ठेवा आणि त्याचा क्रमांक, पाणी, वीज, गॅसच्या तातडीच्या सेवांचे क्रमांक आणि तुमच्या झडपा कुठे आहेत त्याचा कच्चा नकाशा, हे एका कागदावर लिहून पहारेकऱ्याच्या खोलीत लावा. पुढचा प्रश्न घेऊ या.