होतारु: ओघळलेली आग

ओढ्याकाठी अंधार अजून पुरता दाटलेला नाही. गवताच्या पात्याखाली एक ठिपका पेटतो, विझतो. मोजून बघा. एक, दोन... पेटला. पश्चिम जपानचा हा गेंजी काजवा साधारण २ सेकंदांनी लुकलुकतो. पूर्वेकडचे त्याचे भाऊबंद ४ सेकंद घेतात.

जपानीत याला म्हणतात होतारु. शब्द आला कुठून, यावर पंडितांत वाद आहेत. 'हो' म्हणजे आग आणि 'तारु' म्हणजे ओघळणं, असं काही जण सांगतात. दुसरे म्हणतात, आग नव्हे, 'होशि', चांदणी ओघळली. तिसऱ्यांना ओघळणंच मान्य नाही. ते 'तेरु', उजळणं, धरतात. पण हा बघा, पात्याच्या टोकावरून सुटला आणि पाण्यावर आला. ओघळलाच की!

आता कुंचला. होतारुचं जुनं अक्षर चीनमधून आलेलं. वर 'आग', तिच्या शेजारी पुन्हा 'आग'. त्याखाली झाकणासारखी रेघ. तळाशी 'किडा'. एकूण १६ फटकारे, शेवटच्याची शाई अजून ओली. आजच्या छापील अक्षरात ११ उरलेत. दोन्ही आगींच्या जागी तीन चिमुकले फटकारे. मुलांची सोय झाली, किड्याच्या डोक्यावरचा दिवा तेवढा गेला.

हजारेक वर्षांपूर्वी इझुमि शिकिबु ही कवयित्री किबुनेच्या देवळापाशी आली होती. पाणथळीवरचा काजवा तिला आपल्याच देहातून निसटलेला जीव वाटला. ११८० साली उजीच्या लढाईत मिनामोतो नो योरिमासा हा योद्धा हरला, त्यानं पोट फाडून घेतलं. तिथले काजवे म्हणजे त्याची अजून लढणारी सेना, असं लोक सांगत. मिनामोतो घराणं म्हणजेच गेंजी. नाव त्यावरून पडलं म्हणतात. भातखाचरातला छोटा काजवा मग शत्रू घराण्याच्या नावाचा, हेइके.

आणि हा लाल ठिपका? समोरच्या इमारतीत, बाल्कनीत. घरात सिगारेट ओढायला बंदी असलेला नवरा. अशांनाही होतारुच म्हणतात, 'होतारु-झोकु'. काजव्यांची जमात.

जपानातल्या मोरियामा गावचे काजवे व्यापाऱ्यांनी शहरांत नेऊन विकले. १९२४ मध्ये त्यांना नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला, १९६० मध्ये काजवेच उरले नाहीत म्हणून तो काढून घेतला.

वसंतातली पावसाळी रात्र. महिनोन्‌महिने पाण्यातल्या गोगलगायी खाऊन वाढलेली अळी कोष करायला मातीत निघाली आहे. शेपटाकडे तोच हिरवट दिवा. समोर सिमेंटचा काठ.