गॅलरीतून मैदानात

आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की तुमच्यातले निम्मे लोक गॅलरीत असतात. लपवू नका, मीही असतो. ओरडून घसा बसतो, पण पायाला घाम काही येत नाही! हीच मंडळी पंचेचाळिशीत बीपीच्या गोळीसाठी दवाखान्यात येतात आणि सांगतात, "डॉक्टर, पोरपणी मी लेफ्ट विंगला खेळायचो." मग सोडलंत कधी? उत्तर ठरलेलं असतं: लग्न झालं.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच, व्यायाम सुटलेल्या २० ते ४३ वयाच्या पुरुषांवर एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. काहींना फुटबॉल खेळायला लावलं, काहींना पळायला, काहींना काहीच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर, असे १२ आठवडे. दोन्ही गटांचं वरचं बीपी साधारण ८ अंकांनी उतरलं. म्हणजे पळण्यानंही फायदा होतोच. पण दमसास फुटबॉलवाल्यांचा जास्त वाढला, १३ टक्के, पळणाऱ्यांचा ८. वाईट कोलेस्टेरॉल घटलं आणि स्नायू वाढले, ते फक्त फुटबॉलवाल्यांचे.

असं का झालं? पळताना तुम्ही एका लयीत जाता. फुटबॉलमध्ये दहा पावलं चालता, मग एकदम सुसाट सुटता, थांबता, वळता, उडी मारता. हृदय सरासरी आपल्या कमाल गतीच्या ८० टक्क्यांच्या आसपास धावतं. प्रत्येक ब्रेक आणि वळण मांडीवर नि हाडांवर जोर टाकतं, आणि असा झटक्याचा जोर पडला की हाड मजबूत होतं. शिवाय बॉल समोर असला की दम लागल्याचं भान राहत नाही. तेवढ्याच ठोक्यांना पळणारा जास्त कुरकुरतो.

मात्र हे फायदे मिळाले ते छोट्या मैदानावर, पाच-पाच किंवा सात-सात जणांत. चाळिशीत थेट अकरा जणांची मॅच, तीही पेठेच्या इरेला पेटून, खेळलात तर मांडीमागचा स्नायू नाहीतर घोटा दगा देणारच. म्हणून आधी बीपी, साखर तपासा. चढताना छातीत दाटत असेल तर मैदानाआधी डॉक्टर गाठा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे, तो करा. आपल्याकडे वॉर्म-अप म्हणजे गोलीला चार किका मारणं; ते चालणार नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी इंग्लंडात चेस्टरफिल्डला २०११ मध्ये चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला. पळालं की फाउल! हसू नका, दहा मिनिटांत शर्ट भिजतो.

मघाशी मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "डॉक्टर, मी गोली म्हणून उभा राहिलो तर चालेल का?" चालेल की. पण पाच मिनिटांनी ग्लोव्हज दुसऱ्याकडे द्यायचे.