गॅरेजात नीट, घाटात बंद

(जुन्या मोटारींच्या मालकांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ठार बंद पडलेली गाडी दुरुस्त करायला सोपी. आज ज्या तक्रारीबद्दल बोलायचं आहे ती वेगळी. सकाळी घरून निघताना जुनी पद्मिनी गाडी एकदम गोड चालते. सासवडच्या वाटेवरचा दिवे घाट चढायला लागला की मिसिंग, मग गचके, मग ठप्प. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. गॅरेजात न्यावी तर काहीच नाही. मेकॅनिक तरी काय करणार? तो अंदाजाने कॉइल बदलतो, म्हणजे बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणारा भाग. पुढच्या खेपेला कंडेन्सर, त्याच्या पुढच्या खेपेला पेट्रोल पंप. पैसे जातात, आणि मूळचे चांगले भाग भंगारात जातात. याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तसे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत.

म्हणून आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे: बिघाड हजर असताना मोजा. तो निघून गेल्यावर तुम्ही जे तपासता ती चांगली गाडी असते.

असा बिघाड लहरीने येत नाही. त्याला काहीतरी लागतं. कधी उष्णता, कधी हादरा, कधी पावसाळी ओल, कधी चढावरचा भार. नेमकं काय लागतं ते शोधण्यासाठी गाडीत एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहा: किती वेळ चालल्यावर झालं, चढ होता की सपाट, दिवे चालू होते का, टाकीत पेट्रोल किती होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद कशी पडली? किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात बंद पडली तर बहुतेक वेळा करंट गेलेला असतो. ओढ कमी होत, धापा टाकत बंद पडली तर आधी पेट्रोलकडे बघा. हा नियम शंभर टक्के खरा ठरत नाही, त्याचं उदाहरण आता सांगतोच, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरतं.

सहकारनगरच्या एका काकांची पद्मिनी सासवडला जाताना अशीच घाटात धापा टाकायची. सगळ्यांनी पेट्रोललाच दोष दिला होता. पंप नवा, कार्बोरेटर दोनदा साफ, शिवाय कॉइल नवी, आणि कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, म्हणजे पॉइंटही नवे. मी काहीच बदललं नाही. मीटरच्या दिव्यासारखा एक छोटा बल्ब घेतला, त्याची एक वायर कॉइलच्या प्लसला, दुसरी बॉडी अर्थला जोडली, आणि बल्ब डॅशबोर्डवर समोर दिसेल असा चिकटवला. मग दोघं घाटात गेलो. अर्धा घाट चढेपर्यंत बल्ब लख्ख. गाडी धापा टाकायला लागली आणि बल्ब मंद झाला. म्हणजे कॉइल बिचारी ठीक होती, तिच्यापर्यंत पुरेसं व्होल्टेज येतच नव्हतं.

बाजूला घेतली आणि गरम असतानाच मल्टिमीटर लावला. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं कॉइलच्या प्लसवर, इग्निशन चालू आणि पॉइंट मिटलेले. पॉइंट मिटलेले हे नीट लक्षात ठेवा. ते उघडे असतील तर सर्किटमधून करंटच वाहत नाही. मग कितीही सडका जोड असला तरी कॉइलवर बारा व्होल्ट दिसतात आणि आपण ‘सप्लाय बरोबर आहे’ म्हणून मोकळे होतो. गॅरेजमध्ये हीच फसगत वारंवार होते. पॉइंट मिटवून मोजलं तर या दोन टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आत फरक यायला हवा. इथे चार व्होल्ट होते.

आता हिशोब बघा. साध्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीचा करंट जातो त्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. १२ व्होल्ट मिळाले तर ४ अँपिअर करंट जातो. वाटेत चार व्होल्ट गळाले तर उरलेल्या आठमध्ये जेमतेम २.७ अँपिअर. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ठिणगी निम्म्याहूनही कमी ताकदीची झाली. सपाट रस्त्यावर हलक्या ॲक्सिलरेटरला तेवढी पुरते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तेच कमी पडतं. गाडी धापा टाकते ती यामुळे. पेट्रोलसारखी लक्षणं, आणि कारण विजेचं.

मग एकेक जोड मोजत मागे गेलो. बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंत काही नाही, स्विचच्या पुढच्या जोडावर जवळजवळ सगळा फरक. डॅशबोर्डखाली हात घातला तर तो जोड चटका देत होता. पिन बाहेर काढली: पितळ चॉकलेटी पडलेलं, पकड सैल, वायरचं इन्शुलेशन दोन बोटं आतपर्यंत कडक होऊन तडकलेलं. त्याच पिनमध्ये कोणीतरी टेपरेकॉर्डरची आणि पंख्याची वायर पिळून खुपसली होती. चार व्होल्ट गुणिले २.७ अँपिअर, म्हणजे सुमारे ११ वॉटची उष्णता नखाएवढ्या जागेत. जोड तापला की रेझिस्टन्स वाढतो, तो वाढला की जोड आणखी तापतो, आणि गाडी उभी केली की सगळं निवतं. वायर मागे तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापली, नवीन पिन नीट क्रिंप केली, टेपरेकॉर्डर आणि पंख्याला फ्यूजसकट वेगळी वायर दिली. एवढंच काम होतं.

असा बिघाड लपण्याची दुसरी जागा डिस्ट्रिब्युटरच्या आत. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा हा भाग, पॉइंट त्यातच असतात. ॲम्बेसेडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये व्हॅक्युम ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ अलीकडे आणणारी प्लेट असते. ॲक्सिलरेटर हलका असताना ती सरकते आणि पॉइंटला जाणारी छोटी मऊ वायर तिच्याबरोबर वाकते. हजारो वेळा वाकून आतल्या तारा तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत असतं. डोळ्यांनी बघितलं तर वायर ठणठणीत. ती पकडायची असेल तर पॉइंट मिटवा, कॉइलकडून येणारी वायर सोडवा, त्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत ओहम मोजा, आणि व्हॅक्युमच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. प्लेट सरकताना काटा उडाला की चोर सापडला. या कामाला मी जुना काट्याचा मीटर वापरतो. डिजिटल मीटरचे आकडे बदलेपर्यंत तो क्षण निघून जातो. प्लेटची अर्थची जाळीदार वायरही त्याच वेळी बघून घ्या.

कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणारा छोटा भाग, त्याबद्दल थोडक्यात. तो बरेचदा गरम झाल्यावरच दगा देतो, आणि नवा आहे म्हणून चांगला असेल असं धरू नका. चांगला चाललेला जुना कंडेन्सर डिकीत जपून ठेवा. घाटात गाडी बंद पडली की तो लावून बघा.

पेट्रोलच्या बाजूला एक तपासणी फुकट आहे. गाडी थांबल्या थांबल्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. तसं नसेल तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, उघडा आणि कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची धार पडते का ते बघा. धार नसेल तर पंपावर ओलं फडकं ठेवून थोड्या वेळाने पुन्हा सेल्फ मारा. तेवढ्याने चालू झाली तर वाफ अडकली होती. जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. रबर फुगतं, भेगाळतं, मग पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा. यात काटकसर करू नका, गळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडतं.

पावसाळ्यात त्रास देणाऱ्या गाडीसाठी रात्रीची वेळ चांगली. पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री करा, अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि स्प्रेने डिस्ट्रिब्युटर कॅप व प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. हात आणि बाही पंख्यापासून लांब ठेवा. निळ्या ठिणग्या जिथे धावतात तिथे तडा आहे. कॅपच्या आत पेन्सिलच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली तर ती घासत बसू नका, कॅप बदला.

आणि शेवटी, मगर क्लिप लावलेली दोन मीटर जाड वायर गाडीत ठेवा, तिच्यात फ्यूज घाला. बल्ब मंद होऊन घाटात अडकलात तर ती बॅटरीच्या प्लसपासून थेट कॉइलच्या प्लसला जोडा. अशा वेळी किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही, ते बंद करायला वायरच काढावी लागते. आणि इंजिन थांबलं की लगेच काढा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जळते. एवढं सांभाळलंत तर गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येते आणि कोणता जोड उघडायचा हेही कळलेलं असतं.