चौकटीतल्या तीन ओळी

जळगावच्या एका छापखान्यात एका कवितासंग्रहाचे कव्हर यंत्रावर चढत आहे. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकाच आर्टकार्डावर शेजारी शेजारी छापले जातात. त्यामुळे आतले सगळे फर्मे घड्या घालून तयार असतानाही काम अडले होते, ते डावीकडच्या मलपृष्ठावरील रिकाम्या चौकटीपायी.

चौकटीत दुसऱ्या लेखकाचा अभिप्राय येतो. त्याला ब्लर्ब हे नाव जेलेट बर्जेस या अमेरिकी विनोदकाराने १९०७ साली थट्टेने दिले. मराठीत आता पाठराखण म्हणतात आणि तो शब्द अधिक जबाबदारीचा आहे.

चोपडा तालुक्यातील एका ओसरीवर बसलेल्या ज्येष्ठ कथाकाराला ती जबाबदारी पुरती ठाऊक आहे. "आप्पा, दोन ओळी टाकून द्या, पुस्तक सवडीने बघा," असे कवीने फोनवर सुचवले होते. आप्पांनी मात्र सगळी प्रुफे मागवली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एका पानावर मुद्रितशोधकाने 'आखाजी' हे खानदेशी नाव खोडून 'अक्षय्य तृतीया' केले होते. समासात वर्तुळ काढून आप्पांनी आखाजी परत आणली आहे. शेजारचा कागद त्यांच्या अभिप्रायाचा कच्चा खर्डा आहे. त्यातले 'सकस', 'दमदार' आणि 'मातीशी नाळ' हे शब्द त्यांनी स्वतःच खोडले आहेत. (मातीशी नाळ नसलेले मलपृष्ठ आपल्याकडे शोधूनच काढावे लागेल.)

जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. प्रस्तावना आणि पाठराखण या गोष्टी वेगळ्या, हे खरे. परंतु सोपानदेवांनी आणलेली आईच्या गाण्यांची वही अत्र्यांनी आधी वाचली होती आणि मगच लेखणी उचलली होती.

न वाचता दिलेल्या अभिप्रायांनी वाचक फसतो आणि पुढे चांगल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरही विश्वास ठेवत नाही. अमेरिकेत सायमन अँड शुस्टरच्या मुख्य विभागाने २०२५ च्या आरंभी लेखकांवरची अभिप्राय मिळवण्याची सक्तीच काढून टाकली.

हे पहिले कव्हर लॅमिनेशनसाठी निघाले आहे. चौकटीत तीनच ओळी उरल्या आहेत आणि त्यांतल्या दुसऱ्या ओळीत आखाजीच्या कवितेचा उल्लेख आहे.